रणधुमाळीतली प्रेमकथा : ‘स्वामी’, ‘राऊ’ आणि थळचा किनारा

मराठीत युद्धकाळातली प्रेमकथा बहुधा ऐतिहासिक कादंबरीच्या पोटातून येते. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१) ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. ह. ना. आपट्यांनी ‘उषःकाल’ लिहून ही वाट रुंद केली. घराघरांत पोचल्या त्या मात्र पेशवाईवरच्या दोन कादंबऱ्या.

रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२) थोरल्या माधवरावांची. पानिपतानंतर सोळाव्या वर्षी हाती आलेली पेशवाई, बाहेर निजाम आणि हैदर, घरात काका राघोबादादा. रमाबाईंच्या वाट्याला उरतो तो क्षयाने खंगत चाललेला पती. १७७२ मध्ये थेऊरला माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. हा शेवट आधीपासून ठाऊक असूनही वाचक गलबलतो, ही देसाईंची मोठीच कमाई.

ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ (१९७२) पहिल्या बाजीराव पेशव्यांची आणि मस्तानीची. १७२९ मध्ये बाजीराव मोगल सरदार बंगशाविरुद्ध बुंदेलखंडाच्या छत्रसालाच्या मदतीला धावले आणि त्या मोहिमेनंतर मस्तानी पुण्यात आली.

या इतिहासाचा एक धागा अलिबागजवळच्या थळपाशी येतो. थळसमोरच्या खांदेरी बेटासाठी १६७९ मध्ये मराठे इंग्रज आणि सिद्दीशी झुंजले. पुढे हा किनारा आंग्र्यांचा झाला. १७४० मध्ये आंग्रे भावांच्या भांडणात मानाजींच्या मदतीला बाजीरावांचे भाऊ चिमाजीअप्पा आणि मुलगा नानासाहेब जवळच्याच कुलाब्याला आले होते. त्याच सुमारास, २८ एप्रिलला, नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव वारले. पाठोपाठ मस्तानीही गेली.

‘राऊ’वरून २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ हा हिंदी चित्रपट निघाला. मस्तानीवरून झालेली बाजीरावांच्या घरच्यांची ओढाताण मात्र कादंबरीतच अधिक खोलवर भिडते.