आसन का हलेना?

मुलांनो, उंच माणूस मोटारगाडी चालवायला बसला की आपले आसन मागे सरकवतो आणि ठेंगणा माणूस ते पुढे ओढतो, हे तुम्ही पाहिले असेल. काही गाड्यांत हे काम वीज करते. बटण दाबले की आसन पुढे-मागे किंवा वर-खाली होते. १९७९ साली निघालेल्या मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लास गाडीत तर दारावरचे बटणच आसनाच्या आकाराचे असे. बटणाचा जो भाग ढकलावा, आसनाचा तोच भाग हले.

गाडी जुनी झाली की असे आसन कधी कधी रुसून बसते. ही केवळ गैरसोय नव्हे. चालकाचा पाय ब्रेकपर्यंत नीट पोहोचत नसेल, तर गाडी रस्त्यावर नेणे धोक्याचे असते. मग घाईघाईने कोणी म्हणतो, "मोटर जळली. नवी बसवा." नवी मोटर महाग असते आणि जुन्या गाडीसाठी ती सहज मिळतही नाही. खरा दोष मात्र पुष्कळदा लहानशा फ्यूजमध्ये किंवा गंजलेल्या जोडात असतो. तो कसा शोधतात ते पाहू.

आधी विजेची वाट समजून घ्या. गाडीच्या बॅटरीतून वीज फ्यूजमध्ये येते. तेथून ती बटणाकडे आणि बटणातून तारेने आसनाखालच्या मोटरकडे जाते. मोटर फिरली की दातेरी चक्रे फिरतात, त्यांच्यामुळे एक लांब आट्यांचा दांडा फिरतो आणि आसन रुळांवरून सरकते. बटण उलट दिशेने दाबले की मोटरमधला विजेचा प्रवाह उलटा होतो. मोटर उलटी फिरते आणि आसन मागे येते. बहुतेक गाड्यांत प्रत्येक हालचालीसाठी वेगळी मोटर असते.

आता तपासणी. प्रथम विजेरी घेऊन आसनाखाली पाहा. रुळात नाणे, पेन्सिल किंवा खेळणे अडकलेले असू शकते. काही अडकलेले नसेल, तर बटण दाबून कान द्या.

मोटरचा आवाज येतो, पण आसन हलत नाही. याचा अर्थ वीज पोहोचते आहे. चक्राचे दाते झिजले असतील किंवा मोटरपासून दांड्याकडे जाणारी फिरती केबल तुटली असेल. आसन एका बाजूने पुढे जाऊन तिरके अडकले, तर एका बाजूची केबल तुटली असावी.

आवाज येत नाही, पण बटण दाबताच गाडीतला दिवा मंद होतो. मोटर वीज घेते आहे, पण फिरू शकत नाही. जुने वंगण वाळून घट्ट झाले असेल किंवा रूळ गंजले असतील.

आवाजही नाही आणि दिवाही मंद होत नाही. येथे वाटेत वीज तुटली आहे. कोणतीच हालचाल होत नसेल, तर आधी फ्यूज पाहा. एकच हालचाल बंद असेल, तर तिची मोटर, तार किंवा बटणाचा तेवढाच भाग तपासा. आसन पुढे जाते पण मागे येत नाही, असे असेल तर मोटर चांगली आहे. संशय बटणावर घ्यावा.

कारागीर शेवटी मीटर लावतो. बटण दाबलेले असताना मोटरच्या जोडावर सुमारे १२ व्होल्ट दाखवले आणि तरी मोटर स्तब्ध राहिली, तरच मोटरमध्ये दोष आहे. वीज दिसली नाही, तर तो मागे मागे जात बटण, तारा आणि जोड तपासतो. आसन सारखे हलल्यामुळे त्याखालच्या तारा घासून तुटतात. आपल्या मॉरिशसमध्ये समुद्राच्या खाऱ्या हवेने जोडही लवकर गंजतात.

दोष सापडला की दुरुस्ती सोपी होते. गंजलेला जोड साफ करतात, तुटलेली तार जोडून तिच्यावर आवरण चढवतात, वाळलेले वंगण पुसून नवे लावतात. उडालेल्या फ्यूजच्या जागी मात्र तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. मोठा फ्यूज किंवा साधी तार घातली, तर तारा तापून आग लागू शकते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर दोष पुढे आहे असे समजावे.

एक गोष्ट कधीही विसरू नका. काही गाड्यांच्या आसनात अपघाताच्या वेळी फुगणारी एअरबॅग असते. तिचे जोड बहुधा पिवळे असतात. त्यांना हात लावू नका. असे आसन काढण्यापूर्वी कारागीर बॅटरीची तार सोडवून काही मिनिटे थांबतो. तुम्ही पाहा, ऐका आणि आढळलेले त्याला सांगा. आसन उघडण्याचे काम त्याच्यावर सोपवा.

"मोटर जळली" असे म्हणायला एक क्षण पुरतो. पण जो सोप्यापासून सुरुवात करून एकेक कारण बाजूला सारतो, त्यालाच खरे कारण सापडते आणि त्याचे पैसेही वाचतात. सायकल असो, पंखा असो की रेडिओ, ही रीत सगळीकडे उपयोगी पडते.

स्वाध्याय
१. बॅटरीपासून मोटरपर्यंत वीज कोणत्या वाटेने जाते?
२. मोटरचा आवाज येतो, पण आसन हलत नाही. यावरून काय समजते?
३. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज का घालू नये?
४. तुमच्या घरातील एखादी वस्तू बंद पडली, तर तुम्ही कोणत्या क्रमाने तपासाल? पाच-सहा वाक्ये लिहा.