क्यूआर कोडचं प्रूफ कोण वाचणार?

व्हिजिटिंग कार्डाचं प्रूफ हातात आलं की आपण नावातली वेलांटी बघतो, मोबाइल नंबर आकडा-आकडा लावून पाहतो, पत्त्यातला पिनकोड तपासतो. कोपऱ्यातल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनावरून मात्र नजर तशीच पुढे सरकते, कारण तो डोळ्यांनी वाचताच येत नाही. चुकलेला कोड आणि बरोबर कोड दिसायला सारखेच. अख्ख्या कार्डावर मुद्रितशोधकाच्या आवाक्याबाहेरचा मजकूर एवढा एकच, आणि हल्ली गिऱ्हाईक आधी मोबाइल धरतं ते त्याच्यावरच. हजार प्रती छापायला टाकण्याआधी तो कागदावर उतरवून, जिथे लागणार त्या जागी ठेवून, परक्या फोनवर उघडून बघणं हे प्रूफ वाचण्याचंच काम आहे. पण ते कोणाच्याच वाट्याला आलेलं नसतं. डीटीपीवाला म्हणतो, पार्टीने दिला तो लावला. पार्टी म्हणते, कॉम्प्युटरवर तर चालत होता.

कॉम्प्युटरवर तो चालणारच. तिथे तो मोठा दिसतो, कडा धारदार असतात, मागून उजेड असतो. खरी परीक्षा कागदावर होते आणि ती का अवघड असते हे कोडची रचना पाहिली की कळतं.

१९९४ साली जपानमधल्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने हा कोड तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन ही त्यातली खरी युक्ती. चौकोनाच्या मध्यातून कोणत्याही दिशेने रेघ मारा, तिच्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण १:१:३:१:१ असंच येतं. मासिकं, पत्रकं, खोकी असा नाना प्रकारचा छापील मजकूर तपासून, त्यात सगळ्यात क्वचित आढळणारं प्रमाण त्यांनी मुद्दाम निवडलं. त्यामुळे स्कॅनरला गर्दीतही कोड सापडतो. पण त्यासाठी कोडभोवती कोरी जागा लागते. कोडमधला एक बारीक ठिपका जेवढा, तशा चार ठिपक्यांएवढी, चारही बाजूंनी. डिझाइन करताना पहिली कात्री याच जागेला लागते. ‘उगाच पांढरं दिसतंय’ म्हणून कोणी चौकट आणून चिकटवतं, कोणी वेलबुट्टी. ती जागा रिकामी नाही, ती कोडचाच भाग आहे.

दुसरी सोय दुरुस्तीची. कोड बनवताना चार पातळ्यांपैकी एक निवडता येते आणि त्यानुसार साधारण ७, १५, २५ किंवा ३० टक्के माहिती खराब झाली तरी उरलेल्यावरून ती भरून काढली जाते. ही सोय ओरखडे, डाग, घडी यांच्यासाठी आहे. मधोमध दुकानाचा लोगो बसवला की त्यातला बराचसा वाटा छापण्याआधीच संपतो. लोगो हवाच असेल तर सगळ्यात वरची पातळी घ्या आणि लोगो लहान ठेवा. कोपऱ्यातल्या चौकोनांना तर हातही लावू नका.

मराठी व्यावसायिकांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी, कारण ती आपल्याच लिपीशी निगडित आहे. रोमन अक्षर कोडमध्ये एक बाइट घेतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन. ‘श्री’ दिसायला एक अक्षर, पण आत श, हलन्त, र आणि वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. मालकाचं नाव, दुकानाचं नाव आणि ‘मारुती मंदिराच्या मागे’ पर्यंतचा सगळा पत्ता मराठीत थेट कोडमध्ये कोंबला तर तो सहज साडेतीनशे बाइटांवर जातो. मधल्या, १५ टक्क्यांच्या पातळीवर त्याला ७३ बाय ७३ ठिपक्यांची जाळी लागते. कार्डावर कोरी जागा धरून दोन सेंटिमीटर मिळाले तर एक ठिपका जेमतेम पाव मिलिमीटरचा. त्याऐवजी चोवीस-पंचवीस अक्षरांचा वेबपत्ता दिला तर २५ बाय २५ ची जाळी पुरते आणि ठिपका सहा दशांश मिलिमीटरचा होतो. मराठी मजकूर त्या वेबपानावर हवा तेवढा लिहा. कोडमध्ये फक्त वेबपत्ता ठेवा, तोही आखूड.

ठिपक्याचा हा आकार छापखान्यात निर्णायक ठरतो. कागदावर शाई थोडी पसरतेच. पाव मिलिमीटरचा पांढरा ठिपका त्यात बुजतो, सहा दशांशाचा टिकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेला कोड मुळातच दाबला जाऊन कडांना धूसर झालेला असतो. तो ताणून मोठा केला तर ती धूसरताच मोठी होते. कोड पीडीएफ किंवा एसव्हीजी फाइलमध्येच द्यावा. छापणाऱ्याला सांगावं की हा भाग फक्त काळ्या प्लेटवर घ्या. चार रंग मिसळून केलेला काळा असेल आणि रंगांची जुळणी (रजिस्ट्रेशन) केसभर हलली तर प्रत्येक ठिपक्याला रंगीत सावली येते. उद्घाटनाच्या पत्रिकेवर सोनेरी फॉइलमध्ये कोड दाबण्याची हौस असते; फॉइल दिव्याखाली आरशासारखं चमकतं आणि कॅमेऱ्याला काळं-पांढरं वेगळं करता येत नाही. गडद कागदावर फिकट कोडही काही फोनना वाचता येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की कोडच्या बाबतीत सौंदर्याचा हट्ट सोडावा. पांढऱ्यावर काळा, बस्स.

अंतराचा अंदाज सोपा आहे. जेवढ्या लांबून स्कॅन होणार त्याच्या साधारण एक दशांश रुंदी हवी. कार्डाला दोन सेंटिमीटर पुरतात, पण पाच मीटरवरून बघायच्या फ्लेक्सला अर्धा मीटर. राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘महारेरा’ने, १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड सक्तीचा केला. तिथे कोडवरून प्रकल्पाची नोंदणी तपासता येणं हा ग्राहकाचा हक्क आहे, म्हणून वृत्तपत्राच्या शाई शोषणाऱ्या कागदावर तो नीट उमटेल एवढा मोठा हवा.

म्हणून चाचणी करायची ती खऱ्या कागदावर, खऱ्या आकारात, लॅमिनेशन होणार असेल तर ते करून. बाटलीवर लागणार असेल तर बाटलीला गुंडाळून, पत्रकाची घडी पडणार असेल तर घडी घालून. काउंटरवर लागणार असेल तर संध्याकाळी दिवे लावल्यावर. निदान एक जुना, स्वस्तातला, काचेला चरे पडलेला फोन हवा.

कोड वाचला गेला की अर्धंच काम होतं. कॅटलॉगची फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवून तिचा कोड केला, तर मालकाच्या फोनवर ती झटकन उघडते, कारण तो आधीच लॉगिन असतो. गिऱ्हाइकाच्या फोनवर ‘परवानगी मागा’ असं पान येतं. म्हणून घरच्या वायफायबाहेर, मोबाइल डेटावर, दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. पैसे घेण्याचा कोड असेल तर एक रुपया पाठवा, पडद्यावर कोणाचं नाव येतं ते वाचा आणि तो रुपया त्याच खात्यात जमा झाला का ते पाहा. रक्कम आधीच भरलेला कोड एखाद्या बिलावरून उचलून पाटीवर छापला जाण्याचा धोकाही यातच कळतो.

शेवटची चाचणी काळाची, आणि तीच करायची राहून जाते. फुकट कोड बनवून देणाऱ्या काही साइट तुमचा पत्ता थेट कोडमध्ये न घालता आपला मधला पत्ता घालतात. चाचणीची मुदत संपली की तो बंद पडतो, तोवर पत्रकं वाटून झालेली असतात. कोड स्कॅन करून सुरुवातीला कोणता पत्ता दिसतो तो बघा. तिथे तुमचंच नाव हवं. मोठ्या कंपन्याही यात फसल्या आहेत. जर्मनीत हाइन्झच्या केचपच्या बाटलीवर एका स्पर्धेसाठी कोड होता. स्पर्धा संपली, तिच्यासाठी घेतलेला डोमेन कंपनीने सोडून दिला आणि २०१५ मध्ये एका ग्राहकाने बाटलीवरचा कोड स्कॅन केला तर अश्लील संकेतस्थळ उघडलं. कंपनीला माफी मागावी लागली. कोड छापलेली शेवटची पिशवी, शेवटचं खोकं खपेपर्यंत डोमेनचे पैसे भरत राहा, आणि नवी वेबसाइट करून घ्याल तेव्हा छापून गेलेले पत्ते ती बनवणाऱ्याच्या हातात आधी द्या, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला माणूस नव्या पानावर पोचेल.