करसंकेत (न्यूझीलंड)

करसंकेत अर्थात टॅक्स कोड हा न्यूझीलंडमध्ये वेतन किंवा कंत्राटी मोबदला देताना त्यातून किती आयकर कापावयाचा हे ठरविणारा अक्षरसंकेत आहे. काम करणारी व्यक्ती विहित अर्ज भरून तो पैसे देणाऱ्यास कळवते. कापलेली रक्कम इनलँड रेव्हेन्यू या सरकारी खात्याकडे जमा होते. करसंकेतामुळे वर्षाचा एकूण कर बदलत नाही. केवळ वर्षभरातील कपातीचे प्रमाण ठरते. म्हणून संकेत चुकल्यास १ एप्रिल ते ३१ मार्च या करवर्षाच्या अखेरीस फरक भरावा लागतो किंवा परत मिळतो.

कर्मचाऱ्यांचे संकेत

मुख्य नोकरीसाठी ‘एम’ हा सर्वसाधारण संकेत आहे. स्वतंत्र कमावत्यांसाठी असलेल्या करसवलतीस पात्र व्यक्ती ‘एमई’ वापरते. शैक्षणिक कर्ज असल्यास संकेतापुढे ‘एसएल’ जोडतात. मुख्य नोकरीत कर टप्प्याटप्प्याने आकारला जातो. ३१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या टप्प्यांनुसार १५,६०० डॉलरपर्यंत १०.५ टक्के, त्यापुढे ५३,५०० पर्यंत १७.५, ७८,१०० पर्यंत ३०, १,८०,००० पर्यंत ३३ आणि त्यावरील उत्पन्नास ३९ टक्के दर आहे.

दुसऱ्या नोकरीच्या वेतनावर मात्र सरसकट एकच दर लागतो. सर्व मार्गांनी मिळणारे एकूण उत्पन्न ज्या टप्प्यात मोडते, त्यानुसार अनुक्रमे ‘एसबी’, ‘एस’, ‘एसएच’, ‘एसटी’ किंवा ‘एसए’ हा संकेत निवडावा लागतो.

उदाहरण

एका व्यक्तीला मुख्य नोकरीत ५०,००० आणि दुसरीत १०,००० डॉलर मिळतात. एकूण उत्पन्न ६०,००० असल्याने दुसऱ्या नोकरीसाठी ‘एसएच’ हा संकेत योग्य ठरतो व ३,००० डॉलर कापले जातात. या १०,००० डॉलरांवरील प्रत्यक्ष कर २,५६२.५० असल्याने ४३७.५० डॉलर परत मिळतात. तेथेही चुकून ‘एम’ दिल्यास केवळ १,०५० डॉलर कापले जातात आणि वर्षअखेरीस १,५१२.५० डॉलर एकरकमी भरावे लागतात.

कंत्राटदारांचे संकेत

कायद्यातील सूचीत नमूद केलेल्या कामांच्या मोबदल्यास ‘डब्ल्यूटी’ संकेत लागतो. त्याचा दर कामाच्या स्वरूपावर अवलंबून असतो, उदा. विमा प्रतिनिधींच्या दलालीवर २० टक्के, तर कंपनी संचालकांच्या मानधनावर ३३ टक्के. १ एप्रिल २०१७ पासून कंत्राटदारांना स्वतः दर निवडण्याची मुभा आहे. निवासी व्यक्तीसाठी तो किमान १० टक्के असावा लागतो. कमी दर निवडल्यास हातात अधिक रक्कम येते, परंतु कर माफ होत नाही. सूचीबाहेरील कामाचा मोबदला सहसा कपातीविना मिळतो व कराची तरतूद कंत्राटदारालाच करावी लागते. कर्मचाऱ्याच्या वेतनातून आयकराबरोबर अपघात विम्याची वर्गणीही कापली जाते. कंत्राटदाराला ती वेगळी भरावी लागते.

माहिती न दिल्यास

करक्रमांकासह आवश्यक माहिती न दिल्यास कर्मचाऱ्याच्या वेतनातून ४५ टक्के दराने आयकर कापला जातो. यासाठी ‘एनडी’ हा संकेत आहे. निवासी कंत्राटदारालाही माहिती न दिल्यास याच दराने कपात लागू होते. हा दर सर्वोच्च आयकर दराहूनही अधिक आहे. त्यामुळे नव्या कामाचा पहिला मोबदला मिळण्यापूर्वीच अर्ज देणे आणि दुसरी नोकरी धरल्यास संकेत पुन्हा तपासणे हिताचे ठरते.