स्की न करणाऱ्यांना आधी विचारा

कुर्ल्याच्या फिनिक्स मार्केटसिटीतलं स्नो वर्ल्ड आणि घाटकोपरच्या आर सिटी मॉलमधलं स्नो किंगडम. उपनगरातल्या कितीतरी मुलांनी आयुष्यातला पहिला बर्फ या दोन ठिकाणी पाहिला. भाड्याचा कोट, भाड्याचे बूट, थोडा वेळ घसरगुंडी आणि बाहेर पडल्या पडल्या पुन्हा घाम. ती मुलं आता कमावती झाली आहेत. दिवाळीच्या सुमारास त्यांच्यातलं कुणीतरी सोसायटीच्या किंवा चुलत-मावस भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितं, ‘यंदा स्कीइंग!’ खाली अंगठ्यांची रांग लागते. मग दोन महिने चर्चा चालते ती कुठे जायचं याची. काय करायचं, हे कुणी विचारत नाही.

सहलीची आपली एक घडलेली सवय आहे. केसरी टूर्सने 1984 पासून आणि वीणा वर्ल्ड या सहल कंपनीने 2013 पासून मराठी कुटुंबांना जग दाखवलं. युंगफ्राऊ आणि टिटलिस ही स्विस शिखरांची नावं त्यामुळे मुलुंड-बोरिवलीच्या घराघरात पोचली. युंगफ्राऊयोखला 3,454 मीटरवर जायचं, बर्फ उडवायचा, फोटो काढायचे, चहा घ्यायचा आणि संध्याकाळी पुढच्या गावाला. बर्फ पाहण्याची ही पद्धत उत्तम आहे, तिला नाकं मुरडण्याचं कारण नाही. पण स्कीइंगला ती अजिबात चालत नाही. पहिला दिवस बूट चढवण्यात आणि पडण्यात जातो. दुसऱ्या दिवशी स्कीजची पुढची टोकं जवळ आणि मागची टोकं फाकवून, म्हणजे स्नो प्लाउ करून, थांबता येऊ लागतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वळता येतं आणि गंमत सुरू होते. ‘मनाली 2 रात्री, शिमला 2 रात्री’ अशी आखणी केली की ही गंमत सुरू व्हायच्या आतच सामान बांधावं लागतं. तेव्हा ग्रुपला पहिला प्रश्न हा विचारा की एका जागी चार-पाच रात्री राहायला सगळे तयार आहेत का? नसतील, तर बर्फाची सहल करा, ती छानच होईल. फक्त तिला स्कीइंग म्हणू नका.

दुसरा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो स्की करणाऱ्यांना विचारायचाच नाही. चौदा-पंधरा जणांचा ग्रुप धरा. त्यात खरोखर स्कीज पायाला बांधणारे चार किंवा पाच. बाकीच्यांत गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकू, रक्तदाबाची गोळी घेणारे आजोबा, सहा वर्षांची नात आणि घाटकोपरच्या ग्रुपमध्ये हमखास असणारं, कांदा-लसूण-बटाटा न खाणारं शेजारचं जैन कुटुंब. या दहा जणांनी सकाळी दहा ते दुपारी चार काय करायचं? ज्या ठिकाणाकडे याचं बरं उत्तर आहे, ते तुमचं ठिकाण. स्की करणारे कुठेही खूश असतात. सहल मोडते ती हॉटेलच्या खोलीत रजईत बसून कंटाळलेल्या माणसांमुळे.

या कसोटीवर भारतात गुलमर्ग सरस ठरतं. मुंबईहून श्रीनगरला थेट विमान आहे, आणि पुढे सुमारे 50 किलोमीटरचा रस्ता. शेवटचा टप्पा टंगमर्गपासूनचा 13 किलोमीटरचा चढ. बर्फ पडला की तिथे चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्याच वर सोडतात, म्हणून मोठी बस वरपर्यंत जाईल असं गृहीत धरू नका. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे. तिथला गोंडोला, म्हणजे केबल कार, दोन टप्प्यांत जातो. पहिला कोंगडोरीपर्यंत, सुमारे 3,080 मीटर. तो 1998 मध्ये सुरू झाला. दुसरा 2005 मध्ये सुरू झाला आणि तो अफरवत शिखराच्या खांद्यावर, सुमारे 3,950 मीटरवर नेतो. म्हणजे स्की न करणाऱ्या काकूही पहिल्या टप्प्यापर्यंत बसून जातात, वर भजी-कहवा घेतात आणि खाली येतात. दुसरा टप्पा मात्र उंचीचा आहे. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकडे जाऊ नये. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन काढायची असतात आणि ऐन हंगामात ती पटापट संपतात. हॉटेलच्या आधी या तिकिटांचं पाहा.

नवशिक्यांसाठी गावातच, गोल्फ कोर्सच्या मोकळ्या जागेत, मंद उतार आहेत. स्लेजवाले, घोडेवाले, गमबूट भाड्याने देणारे सगळे तिथेच घेरतात. भाव आधी ठरवून घ्या आणि ठरलेला भाव सगळ्या ग्रुपला सांगा. नाहीतर एकच स्लेज एका कुटुंबाला एका भावाने आणि दुसऱ्याला दुप्पट भावाने मिळते आणि संध्याकाळी त्यावरून वाद होतो. ज्यांना नीट शिकायचं आहे त्यांच्यासाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था गुलमर्गलाच आहे. लष्कराचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलही इथेच. त्याची सुरुवात 1948 मध्ये स्की प्रशिक्षणानेच झाली होती. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता आरिफ खान, आणि तो याच टंगमर्ग भागातला. गावातला प्रशिक्षक साधा दिसला तरी त्याला हा उतार तळहातासारखा माहीत असतो.

अफरवतच्या वरच्या उतारांची ख्याती जगभर आहे आणि तिथेच खरी भीतीही आहे. तो आखलेला, रोज दाबून सारखा केलेला रस्ता नाही, उघडा डोंगर आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथे हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले, फेब्रुवारी 2024 मध्ये एक रशियन. तिघेही नवशिके नव्हते. ग्रुपमधला कुणी ऑस्ट्रेलियात किंवा कॅनडात स्की शिकून आलेला असेल आणि ‘मी वरून येतो’ म्हणाला, तर त्या दिवशीचा हिमस्खलनाचा इशारा, स्थानिक गाइड आणि अंगावर (बर्फात गाडलं गेल्यास सापडावं म्हणून) शोधयंत्र या तीन गोष्टींशिवाय त्याला सोडू नका. त्याला राग आला तरी चालेल.

आता तारखांचं. इथे मुंबईची शाळा आडवी येते. आपली मोठी सुट्टी मेमध्ये, आणि मेमध्ये गुलमर्गला स्की करण्याजोगा बर्फ नसतो. नाताळची सुट्टी सोयीची वाटते, पण काश्मिरातल्या कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, चिल्लई कलान, सुरूच होतात 21 डिसेंबरला. त्यामुळे नाताळात बर्फ असेलच याचा भरवसा नाही. अलीकडे तर जानेवारीचाही नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार जवळजवळ कोरडे होते. 2025 मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ नसल्याने फेब्रुवारीत पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये झाल्या. म्हणून माझा कौल फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्याला. घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर हा बेत बसणार नाही, त्या घराला पुढच्या वर्षी न्या. 26 जानेवारीला जोडून मिळणारा लांब वीकेंड तीन दिवसांचा असतो, त्यात स्कीइंग होत नाही. आणि परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस ठेवाच. जोराचा हिमवर्षाव झाला की श्रीनगरची विमानं रद्द होतात. शिवाय बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, तेव्हा किमान दोघा-तिघांकडे पोस्टपेड हवं.

काश्मीरबद्दल आणखी एक गोष्ट बोलायला हवी. 22 एप्रिल 2025 ला पहलगामजवळ बैसरनमध्ये दहशतवादी हल्ल्यात 26 जण मारले गेले. त्यात सहा जण महाराष्ट्रातले, त्यांतले तिघे डोंबिवलीचे. मुलुंड-घाटकोपरहून डोंबिवली लोकलने फार लांब नाही आणि तिथल्या ओळखी इथे प्रत्येक इमारतीत आहेत. त्यामुळे ग्रुपमधलं एखादं घर ‘नको’ म्हणालं, तर त्यांना आकडे देऊन पटवत बसू नका. भीती घेऊन निघालेला माणूस सगळ्यांच्या सहलीवर सावट आणतो. अशा वेळी दुसरं ठिकाण निवडावं.

ते ठिकाण बहुधा उत्तराखंडमधलं औली. शिकण्यासाठी मला ते गुलमर्गपेक्षाही आवडतं. उतार एकसलग, नंदादेवी समोर, गर्दी कमी. गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स तिथे होतात. भारत-तिबेट सीमा पोलिसांची स्कीइंग संस्थाही तिथेच आहे. 2011 मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा इथल्या उतारांवर झाल्या. पण आजी-आजोबांना औलीला न्यायचं तर हृषीकेशपासून जोशीमठपर्यंत सुमारे 250 किलोमीटरचा घाटरस्ता आहे. त्यात अख्खा दिवस जातो आणि पोटात ढवळतं. जोशीमठहून वर जाणारा सुमारे 4 किलोमीटरचा रोपवे जानेवारी 2023 मध्ये तिथली जमीन खचू लागली तेव्हा बंद करावा लागला होता. निघण्याआधी त्याची ताजी स्थिती विचारा, आणि तो बंदच आहे असं समजून गाडीची सोय करा. पाच-सहा धडधाकट मित्रमैत्रिणी असतील, सगळ्यांना शिकायचंच असेल, तर दुसरीकडे बघूच नये. तीन पिढ्यांच्या ग्रुपला औली झेपत नाही.

सोलंगला, मनालीहून 13 किलोमीटरवर, बर्फाची जत्रा असते. ट्यूब, स्लेज, स्कूटर, मॅगी आणि अर्ध्या तासाची ‘स्कीइंग’, ज्यात माणूस तुम्हाला ढकलतो आणि त्याचा जोडीदार व्हिडिओ काढतो. मनालीची डोंगरी क्रीडा संस्था खरं प्रशिक्षण देते, ते वेगळं. ऑक्टोबर 2020 मध्ये 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून पलीकडच्या सिस्सूत जाऊन बर्फ पाहता येतो. लहान मुलांना एक दिवस बर्फात लोळवायचं, एवढाच हेतू असेल तर सोलंग पुरे.

परदेशी जायचं झालं तर आल्प्सपर्यंत जायलाच हवं असं नाही. कझाकस्तानात भारतीयांना 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. अल्माटी शहराच्या उशालाच शिम्बुलाक हे स्की रिसॉर्ट आहे. राहायचं शहरात, सकाळी मेदेऊहून केबल कारने वर, संध्याकाळी खाली. न जाणाऱ्यांना शहर फिरायला मोकळं. मिश्र ग्रुपला ही रचना फार सोयीची. जेवणाचा प्रश्न मात्र तिथे खरा आहे. घोड्याचं मांस तिकडचं आवडतं खाणं. दशम्या, ठेपले आणि मेतकूट बॅगेत घ्या. दुबईच्या मॉलमधला स्की दुबई 2005 पासून आहे, सर्वांत लांब उतार 400 मीटर. शिकणं आवडतंय का ते दोन तासांत कळून घ्यायला बरा, सुट्टी म्हणून नाही.

ठिकाण ठरलं की उरलेलं काम मुंबईतच करायचं आहे. स्कीइंगमध्ये मांड्या सर्वांत आधी दमतात, आणि दमलेल्या मांड्यांनीच गुडघे जातात. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेटपासून कान्हेरीपर्यंत आठवड्यातून दोनदा चालत जा, वर उठाबशा काढा. चक्रम हायकर्ससारख्या मुलुंडच्या संस्थांबरोबर सह्याद्रीत भटकणाऱ्यांना पहिले दोन दिवस सोपे जातात, हे उतारावर लगेच दिसतं. सुती मोजे आणि जीन्स घरी ठेवा. भिजलं की वाळत नाही. स्कीच्या बुटात मोज्यांचा एकच लांब जोड, दोन घातले तर पाय आखडतो आणि उलट जास्त गार पडतो. भाड्याने स्कीज घेताना तुमचं वजन आणि अनुभव सांगा. पडल्यावर बूट स्कीपासून सुटण्याचा ताण त्यावर बेतलेला असतो, आणि तो चुकला तर पाय मोडतो. हेल्मेट मागून घ्या. ताजा बर्फ अतिनील किरणांचा 80 टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो आणि दर हजार मीटरला हे किरण साधारण 10 टक्क्यांनी वाढतात, तेव्हा ढगाळ दिवशीही गॉगल आणि सनस्क्रीन हवंच. प्रवास विम्याच्या कागदात ‘साहसी खेळ’ आत आहेत की वगळलेत ते वाचा, बऱ्याचदा वगळलेले असतात.

आणि पैसे एकाच माणसाकडे जमा करा, जो स्वतः स्की करणार नाही. त्याच्याकडे वेळ असतो. विमानाच्या एका बुकिंगमध्ये साधारणपणे नऊच नावं बसतात, त्यापुढच्या ग्रुपसाठी एअरलाइनकडे वेगळं विचारावं लागतं. म्हणून नावं लवकर पक्की करा. फेब्रुवारीसाठी जायचं असेल तर हा अंक वाचून ठेवल्यानंतर पंधरा दिवसांत ग्रुपवर अंगठे नकोत, ॲडव्हान्स मागा. जो देईल तो येणार.