प्रोजेक्ट सर्च : रुग्णालयात भरणारा कामाचा वर्ग

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या मुलामुलींचे शाळेतले शेवटचे वर्ष शाळेत न घालवता थेट कामाच्या जागी घालवणारा अमेरिकी उपक्रम म्हणजे प्रोजेक्ट सर्च. ओहायो राज्यातील सिनसिनाटी चिल्ड्रन्स हॉस्पिटल या बालरुग्णालयात तो १९९६ साली सुरू झाला. आज अमेरिकेबाहेरही अनेक देशांत, शेकडो ठिकाणी तो चालतो.

त्याचा उगम साठ्याच्या कपाटांत आहे. आपत्कालीन विभागात सुया, नळ्या, पट्ट्या, हातमोजे ठरलेल्या खणात ठरलेल्या संख्येने भरलेले असावे लागतात. हे काम करणारी माणसे मात्र टिकत नसत. नवा माणूस कामाला सरावेपर्यंत जुना सोडून गेलेला असे. विभागाच्या प्रमुख एरिन रीली या परिचारिका. रुग्णालयात उपचाराला येणाऱ्या मुलांत अपंगत्व असलेली मुले बरीच, मग नोकरीला तशी माणसे का नसावीत, असा प्रश्न त्यांना पडला. विशेष शिक्षणाच्या क्षेत्रातील सूझी रुटकोव्स्की यांच्याबरोबर त्यांनी कामाची आखणी केली. ही दयेपोटी दिलेली नोकरी नव्हती. काम खरे होते, विभागाला त्याची रोज गरज होती आणि ते चोख होणे भागच होते. उपक्रमाचा पाया इथेच पक्का झाला.

बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना गुंतागुंतीचे काम शिकवता येते, हे त्याआधी पाव शतक अमेरिकी संशोधक मार्क गोल्ड यांनी दाखवून दिले होते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी संरक्षित कार्यशाळांतील, म्हणजे अपंगांसाठी वेगळ्या चालवलेल्या कार्यशाळांतील, प्रौढांना सायकलचा पंधरा भागांचा ब्रेक जोडायला शिकवला. ज्यांच्या हाती तोवर पाकिटे भरण्यापलीकडचे काम कोणी दिले नव्हते, अशी ही माणसे. गोल्ड यांनी काम बारीक पायऱ्यांत फोडले, भाग जोडणीच्या क्रमाने मांडले आणि प्रत्येक भागाची जी बाजू शिकणाऱ्याच्या समोर यायला हवी ती रंगवून ठेवली. ते शिकवताना फार बोलत नसत. चुकले तर हाताला किंचित दिशा देत. बरोबर आले तर काहीच म्हणत नसत. एका पद्धतीने जमले नाही की माणसाला नापास न करता पद्धत बदलायची, हा त्यांचा नियम. विशेष शिक्षणात इतका कामाचा नियम क्वचितच सापडतो.

प्रोजेक्ट सर्चमधील उमेदवारीचे वर्ष याच धर्तीवर चालते. एका ठिकाणी साधारण आठ ते बारा विद्यार्थी असतात. सोबत एक विशेष शिक्षक आणि दोन-तीन जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागीच काम शिकवणारे प्रशिक्षक. सकाळी तासभर वर्ग भरतो, तोही रुग्णालयातल्याच एका खोलीत: वेळेवर येणे, वरिष्ठांशी बोलणे, पगाराचा हिशेब, रजा कशी मागावी. पुढचे चार-पाच तास प्रत्यक्ष विभागात. साधारण दहा आठवड्यांनी विभाग बदलतो, म्हणजे वर्षात तीन कामे हाताखालून जातात. शस्त्रक्रियेची अवजारे निर्जंतुक करून ट्रेमध्ये लावणे, औषधांच्या ट्रॉल्या भरणे, धुतलेल्या कपड्यांची वाटणी, नोंदी संगणकावर चढवणे अशी ती कामे.

कपाट भरण्याचे एकच काम जवळून पाहावे. ‘कपाट भर’ या दोन शब्दांत कितीतरी गोष्टी दडलेल्या असतात: खणातला माल मोजणे, किती असायला हवा ते पाहणे, कमी असेल तेवढाच आणणे, मुदत आधी संपणारा पुढे ठेवणे. जॉब कोच आधी स्वतः ते काम करतो आणि पायऱ्या लिहून काढतो. वाचता न येणाऱ्यासाठी खणावर वस्तूचे छायाचित्र लावले जाते. मोजणीत अडखळणाऱ्यासाठी खणात रेघ आखली की माल रेघेखाली गेला एवढे पाहिले तरी पुरते. हात बसला की कोच मागे सरतो, आधी चार पावले, मग खोलीबाहेर. कुठे चुकले ते आता विभागातले सहकारीच दाखवतात, जसे ते कोणाही नव्या माणसाला दाखवतील.

उमेदवारीत पगार नसतो, आणि ही त्याची नाजूक बाजू आहे. यजमान संस्थेला फुकटचे हात मिळाले आणि विद्यार्थी वर्षाअखेरीस घरी बसला, असे होऊ शकते. म्हणून यश मोजायचे ते नोकरीवर. हंगामी नसलेली, वर्षभर चालणारी, इतरांच्या बरोबरीने करायची, प्रचलित वेतनाची नोकरी मिळाली तरच ती धरली जाते. अमेरिकेत १९३८च्या कायद्यातील एका कलमाने अपंग कामगारांना किमान वेतनाहून कमी मजुरी देण्याची मुभा दिली होती. त्या पार्श्वभूमीवर ही अट किती मोलाची, ते कळते. व्हर्जिनियातील रुग्णालयांत स्वमग्न तरुणांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. उपक्रमात असलेल्या २४ जणांपैकी २१ जणांना नोकरी लागली, तुलनेसाठी घेतलेल्या १६ जणांपैकी एकालाच. संख्या लहान आहे, पण तफावत डोळ्यांत भरणारी.

महाराष्ट्रात विशेष शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांची पुढची वाट बहुधा कार्यशाळेकडे जाते. पणत्या रंगवणे, कागदी पिशव्या, फायली, राख्या ही तिथली ओळखीची कामे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर नेले. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांसाठी मिळून आहे. प्रोजेक्ट सर्चमधली कामे मात्र इथेही आहेत: इथल्या रुग्णालयांतही साठ्याची कपाटे रोज भरावी लागतात, चादरींच्या घड्या घालाव्या लागतात. तिथवर पोचायला बस किंवा लोकल धरावी लागते. प्रोजेक्ट सर्चमध्ये हा प्रवास एकट्याने करायला शिकणेही प्रशिक्षणात धरलेले आहे.