यकृतातील जन्मजात दोष आणि नात्यातील विवाह

अन्नातील प्रथिने पचताना अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. यकृत त्याचे युरियात रूपांतर करते व तो लघवीवाटे निघून जातो. या कामाचे एखादे विकर जन्मतःच उणे असले, तर अमोनिया साचून मेंदूला इजा करतो. बाळ दोन-तीन दिवस चांगले असते. मग दूध सोडते, ओकते, गुंगीत जाते. हे जंतुसंसर्गासारखेच दिसते. म्हणून भोकरहून नांदेडला नेलेल्या अशा बाळाचा अमोनिया तपासावा, अशी विनंती डॉक्टरांना जरूर करावी.

मेंदू वाचला म्हणजे यकृत सुटले असे नव्हे. अर्जिनिनोसक्सिनिक ॲसिड्युरिया या प्रकारात अमोनिया आटोक्यात असतानाही यकृत वाढते, निबर होत जाते. प्रथिने मोजून देणे, सोडियम बेंझोएटसारखी औषधे, यकृताची नियमित तपासणी हे उपचार. काहींना यकृतप्रत्यारोपण लागते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात हे विकार आहेत व मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातील एक केंद्र आहे. अशा रुग्णाने प्रायश्चित्तकाळातही उपवास करू नये. उपाशी शरीर स्वतःचेच स्नायू मोडते आणि अमोनिया वाढतो. आजाऱ्याला धर्मसभेने उपवासाचे बंधन घातलेलेच नाही.

बहुतेक प्रकारांत आईवडील दोघेही निरोगी वाहक असतात व प्रत्येक अपत्याला २५ टक्के धोका असतो. तेव्हा एकट्या सुनेला बोल लावणे हा निव्वळ अन्याय. मामा-भाची, आते-मामे भावंडे यांच्या विवाहात हा धोका वाढतो. १९८३ च्या धर्मसभा कायद्याचे १०९१ वे कलम अशा विवाहांना मनाई करते. तरीही सवलत मागायची असेल, तर अर्जापूर्वी जनुकीय सल्ला घ्यावा, असे माझे मत आहे. घरात पूर्वी अर्भक दगावले असल्यास तर नक्कीच.