शीळफाट्याची लाजरी पाणकोंबडी

जुना मुंबई-पुणे मार्ग आणि कल्याणकडे जाणारा रस्ता जेथे मिळतात, त्या शीळफाट्यावर वाहनांची वर्दळ रात्रंदिवस चालू असते. जवळच्या देसाई, पडले, निळजे या गावांच्या परिसरात मात्र तळी, ओढे आणि खाडीकाठची दलदल आहे. पावसाळ्यात अशा ठिकाणच्या झुडपांतून ‘क्वाक्, क्वाक्’ असा आवाज ऐकू येतो. कधी कधी तो रात्रभर थांबत नाही. ओरडणारा पक्षी सहसा दृष्टीस पडत नाही. हीच लाजरी पाणकोंबडी होय.

नावात कोंबडी असली तरी हिचे नाते सारस-क्रौंचांच्या गणाशी आहे. आकार साधारण तित्तिराएवढा, पाठ काळपट राखी, चेहरा व छाती पांढरीशुभ्र. चालताना ती आखूड शेपटी सारखी वर झटकते आणि तिच्याखालील तांबूस रंग दिसतो. शरीर दोन्ही बाजूंनी चपटे असल्यामुळे दाट लव्हाळ्यातून ती सहज निसटते. लांब बोटांवर भार विभागला जात असल्याने तरंगत्या वनस्पतींवरूनही तिला चालता येते. किडे, गोगलगायी, बिया हे तिचे अन्न.

याच कुळातील, आकाराने बरीच मोठी जांभळी पाणकोंबडी दलदलीतील वेतागवतात राहते. लाजरीला मात्र पाण्याइतकीच झाडीही हवी असते. साधारणतः जून ते ऑक्टोबर या काळात ती पाण्यालगतच्या झुडपात घरटे बांधते. पिल्ले काळीभोर असतात व लवकरच आईबापांमागे हिंडू लागतात.

तिचे खरे घर म्हणजे तळ्याचा काठ. सुशोभीकरणाच्या योजनांत नेमका हाच भाग प्रथम नाहीसा होतो. गाळ काढलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही; परंतु चोहोबाजूंनी दगडी भिंत घातली की तळ्यात पाणी राहते, पाणकोंबडी राहत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने तिची शिकार करणे हा गुन्हा आहे. काठाला असे संरक्षण नाही. पाणथळ जागांविषयीचे 2017 चे नियम भातखाचरांना, तसेच केवळ पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी बांधलेल्या तळ्यांना लागू होत नाहीत. अशा तळ्यांचा निर्णय बहुतांशी स्थानिक संस्थेच्या हाती राहतो.

एक बाजू झुडपांसह तशीच ठेवावी आणि तेथील सफाई ऑक्टोबरनंतर करावी, एवढी तरतूद अंदाजपत्रकास जड नाही. ती बाजू कोणती, हे शाळेतील मुलेही सांगू शकतील: पहिल्या पावसानंतर आवाज कोठून येतो, तेवढे त्यांनी टिपून ठेवावे.